लिंबाजीमामा, सोमा झोपला नव्हता

मामा, परवा तुमच्या तेराव्याला मी आले नाही. तुमच्या सूनबाईला फोनवर सांगितलं, ड्यूटी आहे, दुसरी सिस्टर सुट्टीवर आहे. खोटं होतं ते. दुसरी सिस्टर हजर होती आणि मी दिवसभर औषधांच्या कपाटासमोर बसून मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या करत होते. तुमचा मुलगा म्हणाला होता, जेवणाआधी सगळे दोन-दोन शब्द बोलतील, तुम्ही पण बोला. एरवी मी बोलले असते. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे तुम्हीच गावभर सांगत फिरायचात. पण माझ्याजवळ जे होतं ते बुंदीच्या पंगतीआधी उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्ही असताना सांगायचं होतं. तुम्ही दवाखान्यातल्या खाटेवरून मला सरळ प्रश्न विचारलात आणि मी तुमच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

आधी इकडचं सांगते, कारण कधीही आलात तरी तुम्हाला पहिली चौकशी तीच असायची. निवारागृहात सध्या बावीस माणसं आहेत. नळाला पाणी कधी येईल ते अजूनही देवालाच माहीत, उस्मानपुऱ्यातली आपली गल्ली त्याच्याच भरवशावर चालते. केस कापायला आता चौकातल्या सलूनमधला एक माणूस बुधवारी येतो. मशीन लावतो आणि एका तासात आठ डोकी उरकतो. गप्पा नाहीत. दुपारी साडेतीनला, तुमच्या वेळेला, आपला बाबूमियाँ रोज अंगणातल्या नळाजवळ जाऊन स्टुलावर बसतो. बुधवार नसला तरी बसतो. मान खाली घालून, खांद्यावर टॉवेल घेऊन. पंधरा-वीस मिनिटांनी मला विचारतो, "कंडक्टरसाब आए नै?" मी सांगते, गेले ते बाबूमियाँ, आता येणार नाहीत. तो मान हलवतो आणि विचारतो, "कौनसी गाडी से गए?"

पहिल्या दिवशी मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आता तो विचारायच्या आतच मी तिथून उठते.

आणि एक सांगते, हसू नका. मला तुमच्या कातरीचा आवाज येतो. मशीनचा नाही, तुमच्या त्या जुन्या लोखंडी कातरीचा, करकर करकर. भर दुपारी, उन्हात, सगळे जेवून आडवे झालेले असतात तेव्हा येतो. गेल्या आठवड्यात मी इंजेक्शनचा ट्रे ठेवून बाहेर जाऊन बघितलं. नळाजवळ कुणी नव्हतं, पण ओल्या फरशीवर केस पडले होते. पांढरे-काळे, बोटभर लांब. सलूनवाला आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि झाडणाऱ्यानं कोपरा सोडला होता, एवढंच होतं ते. मला ते समजलंही. पण मी ते केस स्वतःच्या हातानं गोळा केले आणि बराच वेळ टाकून देऊ शकले नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुम्हाला हसले होते. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, हातात कातर, आणि म्हणतो इथल्या लोकांचे केस कापीन, फुकट. मी तोंडावर म्हणाले, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." तुम्ही जराही न चिडता म्हणालात, "न्हावी नाय शिष्टर, धनगर हाय. बापाबरुबर मेंढरं कातरायचो. माणसाचं डोस्कं त्याच्यापरीस सोपं. लाथ मारत नाय." त्याच दिवशी एकानं तुम्हाला लाथ मारली. तुम्ही पडलात, उठलात, कपडे झटकलेत आणि पुन्हा त्याच्याच मागं जाऊन बसलात.

वीस वर्षं नर्सिंग करून मी या कामात आले होते, तरी रस्त्यावरून आणलेल्या माणसाला पहिला हात कसा लावायचा हे मला तुमच्याकडून शिकावं लागलं. आधी पोटात चहा-पोळी, मग डोकं, मग अंघोळ, हा क्रम तुमचाच. मी आधी अंघोळ म्हणायचे, कारण मला उवा दिसायच्या. तुम्ही म्हणायचात, अंगावरचे कपडे काढले की माणूस घाबरतो, केसांना हात लावला तर आई आठवते. जटा झालेलं ते डोकं तुम्ही छातीशी धरायचात, अगदी मेंढी धरतात तसं, आणि हळूहळू कातरायचात. तोंड सारखं चालू. कुणी अंग चोरून मुकाट बसला की तुम्ही हात थांबवायचात. "मेंढरू भ्यालं की गप पडतं, शिष्टर. लोकान्ला वाटतं गरीब हाय. गरीब नाय, ते मरायच्या तयारीत असतं." असं म्हणून तुम्ही कातर खाली ठेवायचात आणि त्याला अजून एक चहा मागवायचात.

आणि मग तुमची ती गाडी सुटायची. ज्यांना स्वतःचं नाव-गाव सांगता येत नाही, किंवा सांगायचं नसतं, त्यांच्या डोक्यावर कातर चालवता चालवता तुम्ही थांबे म्हणायला लागायचात. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन, पैठण. मग दुसरा रस्ता. करमाड, बदनापूर, जालना. मग तिसरा. पस्तीस वर्षं गाडीत ओरडलेली ती नावं, त्याच चालीत, शेवटचं अक्षर लांबवून. डोकं तुमच्या छातीशी असायचं, त्यामुळे गाव आलं की माणूस कुठं हलतो ते तुम्हाला आधी कळायचं. कुणाचा श्वास अडकायचा, कुणी आवंढा गिळायचा. पैठणच्या रस्त्यावरच्या त्या म्हाताऱ्यानं 'ढोरकीन' ऐकून एवढ्या झटक्यात मान वर केली की कातर कानाला लागली. मी कानाला पट्टी बांधत तुम्हाला शिव्या देत होते आणि तुम्ही अंगणात नाचत होतात. चौथ्या दिवशी त्याची नात त्याला न्यायला आली. ती तुमच्या पाया पडली, तेव्हा पट्टीकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "हे आमच्या शिष्टरचं काम." अशी अकरा-बारा माणसं तुम्ही त्या थांब्यांवर घरी पोचवलीत. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून माझाही विश्वास बसला. नुसता बसला नाही, मी त्यावर शंका घेणं सोडून दिलं.

आपला वाद मात्र एकच होता आणि तो कधीच मिटला नाही. मी म्हणायचे, घर सापडलं म्हणजे लगेच पाठवायचं असं नाही, आधी घरच्यांना दोनदा इकडे येऊ दे, बसू दे, बघू दे. तुम्ही म्हणायचात, "परतेक माणसाला कुठं तरी उतरायचं असतंय. तुमी त्याला गाडीतच बसवून ठिवता." मी म्हणायचे, ज्या घरानं माणसाला साखळीनं बांधलं ते कसलं घर? त्यावर तुम्ही हळू आवाजात म्हणायचात की बांधणाऱ्यालाही दुसरं काही सुचत नसतं, दिवसभर मजुरीला गेलं तर वेड्या पोराला कुणाच्या भरवशावर सोडणार? तुमच्या गावातलं कुणीतरी असं बांधलेलं होतं, एवढं मला कळलं होतं. कोण ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

सोमा आपल्याला क्रांती चौकात पुलाखाली मिळाला. सोमवार होता म्हणून सोमा, ही नावं ठेवायची आपली रीत. चाळिशीचा असेल, हाडं आणि डोळे एवढंच उरलेलं. बोलायचा नाही. पाय धुताना तुम्ही मला हाक मारलीत. उजव्या घोट्याभोवती बांगडीसारखा वण होता, जुना, पांढरा पडलेला. आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं. असे वण आपण खूप पाहिले होते, आणि ज्यांच्या ज्यांच्या पायाला ते होते त्यांना त्यांच्या आई-बापानं, भावानंच बांधलेलं निघालं होतं. तुम्ही म्हणालात, "म्हंजी घर हाय ह्याला." मी वहीत लिहिलं, घोट्याला साखळीचा जुना व्रण, कुटुंब असावं. दुसऱ्या कुणी तो वण बघितला असता तर कदाचित पोलिसांत गेला असता. आपल्याला सगळं माहीत होतं ना, म्हणून आपण चुकलो.

तीन महिने तो आपल्याकडे होता. उजाडायच्या आत उठून सगळं अंगण झाडायचा. कुणी सांगितलं नाही तरी बावीस जणांच्या गाद्या गुंडाळायचा. सगळे जेवल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, आणि जेवायचा तोही भिंतीकडे तोंड करून. मी कौतुक करायचे, म्हणायचे, किती वळण आहे बघा ह्याला, चांगल्या घरचा दिसतो. आज ते वाक्य आठवलं की माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटत नाही. ते वळण नव्हतं, मामा. मारून लावलेली सवय होती ती.

थांब्यांवर तो हलायचा नाही. पैठण झालं, जालना झालं, गेवराईपर्यंत जाऊन आलात, काही नाही. मग एका दुपारी तुम्ही अजिंठ्याकडची गाडी सोडलीत. चौका, फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर. तिथून सोयगाव तालुक्यातल्या बारक्या गावांत शिरलात. आणि एका गावाच्या नावावर, ते नाव मी इथं लिहिणार नाही, त्याच्या पायाची बोटं आत वळली. मी समोरच उभी होते, मी बघितलं. तुम्हाला छातीशी त्याचं डोकं थरथरलेलं कळलं. तुम्ही मुद्दाम पुढं चार गावं घेऊन परत त्या नावावर आलात. परत तेच. "सापडलं!" तुम्ही ओरडलात आणि त्याचा मुका घेतलात.

गावात फोन झाले, फोटो गेला. दोन दिवसांत तिकडून एकाचा फोन आला. आमचाच हाय, चुलतभाऊ हाय, डोस्क्यानं जरा कमी हाय, दोन वरसं झाली निघून गेल्याला. कागदपत्रं घराला आग लागली त्यात जळाली म्हणाला. गावातल्या दोघांनी त्याच्या बाजूनं सांगितलं. रीतसर पत्र झालं. मी आपला नियम आठवून एकदा म्हणाले, त्यांना आधी इकडे येऊ दे. तुम्ही म्हणालात, कापसाचे दिवस आहेत, शेतकरी माणूस आता कुठून येणार, आपणच सोडून येऊ. आणि मी वाद घातला नाही. नेहमी घालणारी मी, त्या दिवशी घातला नाही. का ते सांगते. ज्या दिवशी सोडायला जायचं ठरलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते. मला हे काम उरकून दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं होतं.

निवारागृहाच्या गाडीत तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होतात आणि लग्नाला निघाल्यासारखे थांबे पुकारत होतात. मी मागं त्याच्याजवळ होते. अजिंठ्यापर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत होता. फर्दापूरचा घाट उतरताना त्यानं गुडघे पोटाशी घेतले. मग सीट ओली झाली. मला वाटलं घाटाला घाबरला असेल, मी त्याच्याखाली वर्तमानपत्र सरकवलं. तुम्ही मागं वळून विचारलंत, बरा हाय ना? मी म्हणाले, हो. पहिलं खोटं ते. शेवटचं दवाखान्यातलं, बाकीची सगळी या दोघांच्या मधली.

गावात पोचलो तर लोक जमले होते. साखर वाटली. त्या माणसानं तुम्हाला मिठी मारली, ओट्यावर सतरंजी टाकली होती, तिथं तुम्हाला चहाला नेलं आणि तुम्ही सह्या करायला बसलात. इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

गाडीच्या दाराशी मी आणि सोमा दोघंच होतो. मी त्याला उतर म्हणाले. तो उतरला नाही. दाराजवळचा लोखंडी दांडा त्यानं दोन्ही हातांनी धरला. मी समजावलं, घर आलं बाबा, तुझी माणसं आहेत. त्यानं आणखी घट्ट धरला. मग मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून, मामा. आधी डाव्या हाताची, मग उजव्या हाताची. एक सुटलं की दुसरं सोडवेपर्यंत तो पहिलं पुन्हा घट्ट करायचा. त्याच्या नखांचे ओरखडे माझ्या मनगटावर चार दिवस होते, घरी सांगितलं मांजरीनं ओरबाडलं. तो ओरडला नाही, रडला नाही. फक्त माझ्याकडे बघत होता. शेवटचं बोट सुटलं तेव्हा त्याचं सगळं अंग एकदम सैल पडलं आणि तो मुकाट खाली उतरला. त्या माणसानं येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला. तुम्ही ओट्यावरून हात हलवलात, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तुम्हाला हाक मारायची होती. खरंच होती. पण मी मनगटावर पदर ओढून घेतला आणि म्हणाले, मामा, चला, उशीर होतोय.

मी स्वतःला समजावलं होतं, की असं तर सगळेच करतात, सवयीची जागा सोडताना कोण हसत निघतं? बाबूमियाँला साधं तपासायला न्यायचं म्हटलं तरी तो खाट धरून ठेवतो. समजूत चांगली होती. सहा महिने टिकली.

मग माणिक आला. नांदेडकडचा, साधा माणूस, विटांच्या भट्टीवर मुकादम. हातात भावाचा फोटो, लग्नाच्या पंगतीत वाढताना कुणी काढलेला. शहराशहरांतली निवारागृहं पालथी घालत आपल्याकडे पोचला होता. आपल्या भिंतीवरच्या फोटोंपुढं तो उभा राहिला आणि तुम्ही केस कापलेल्या सोमाच्या फोटोवर त्यानं तळहात ठेवला. "हा आमचा उत्तम. हाच हाय." तुम्ही त्याला म्हणालात, अहो त्याचे नातेवाईक तिकडे सोयगावकडे... आणि मध्येच थांबलात. माणिक म्हणाला, "तिकडं आमचं कुणीच नाय." तुमचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

त्याच दिवशी आपण तिघं गेलो. तो माणूस म्हणाला, पळाला, चार महिने झाले. गोठ्यात जनावरं होती, एक फाटकी गोधडी होती. माणिक ती गोधडी हुंगत बसला. तुम्ही ओट्याशी उभे राहून त्या माणसाशी तावातावानं बोलत होतात. मी हापशावर पाणी प्यायला गेले तेव्हा एक म्हातारी कळशी खाली ठेवून मला हळूच म्हणाली, "बाई, तुमी त्याला परत कामून आणलंत? एकदा सुटला व्हता बिचारा."

ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली, तेवढी सांगितली. पुढं पोलिसांत तक्रार झाली, चौकशा झाल्या, तो माणूस काही दिवस आत गेला आणि बाहेर आला. सोमा सापडला नाही. ज्या गावाच्या नावावर तो थरथरला ते त्याचं घर नव्हतं, तिथं त्याला राबवत होते, आणि आपण त्याची थरथर हातात धरून खुश झालो होतो. त्यानंतर केस कापताना तुम्ही कधीच थांबे म्हणाला नाहीत. मुकाट कातर चालवायचात. लोक बिचकायला लागले तुम्हाला. आमच्याकडे कातरीचं काम नसेल त्या दिवशी तुम्ही एसटीचा पास घेऊन त्या रस्त्याला जायचात, एका थांब्यावर उतरायचात, टपऱ्यांवर फोटो दाखवायचात, पुढच्या गाडीनं पुढच्या थांब्यावर. तुमचा मुलगा मला फोन करून सांगायचा, सिस्टर, त्यांना समजवा, त्यांचं हृदय साथ देत नाही. मी समजावायचे. तुम्ही म्हणायचात, "मी त्याला चुकीच्या थांब्यावर उतरवला, शिष्टर." आणि मी, त्याला खरोखर जिनं उतरवलं ती मी, तुमच्यासाठी चहा करायला जायचे.

रागही येतो तुमचा. सगळा दोष तुम्ही एकट्यानं उचललात, इतका भरभरून, की मला माझा वाटा मागायलाही जागा ठेवली नाहीत. तुम्ही थोडं कमी चांगले असतात तर मी लवकर बोलले असते.

मग दवाखाना. तुमच्या नाकात नळी होती, पाय सुजले होते. माझी सूज बघायची सवय, मला काय ते कळलं होतं. सूनबाई औषधं आणायला खाली गेली तसं तुम्ही माझा हात धरलात आणि विचारलंत, "त्या दिवशी गाडीतून उतरताना तो कसा व्हता? गप व्हता का, शिष्टर?"

गप होता का. तुम्ही काय विचारत होतात ते मला बरोबर कळलं, मामा. तुमच्या तोंडून मेंढरांची ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. मी म्हणाले, "झोपला होता तो, मामा. झोपेतच उतरला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ. मग म्हणालात, "बरं." आणि हात सोडलात.

तुम्हाला ते पटलं होतं का? रोज विचारते मी. तुम्ही सुखानं जावं म्हणून बोलले, असं मी स्वतःला सांगते. पण तुम्ही ज्या तऱ्हेनं हात सोडलात त्यात सुख नव्हतं. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला तुमची काळजी नव्हती. मरणाऱ्या माणसाच्या नजरेतून मला उतरायचं नव्हतं. बस, एवढंच.

ही झाली कबुली. आता ती कुणी ऐकलीच नाही, असं वाटत राहतं. म्हणून काल मी माणिकला फोन केला. त्याला तुम्ही गेल्याचं सांगितलं, तो हळहळला. म्हणाला, "लई भला माणूस व्हता. माझ्यासाठी उन्हातानाचं हिंडला." मग मी त्याला सगळं सांगितलं. घाटात पोटाशी घेतलेले पाय, दांडा, बोटं. एकेक बोट. मामांनी काही पाहिलं नव्हतं, मी पाहिलं होतं, हेही सांगितलं. मला वाटलं तो शिव्या देईल. मी तयार होते. मला त्या हव्याच होत्या.

फोन घेऊन तो भट्टीच्या आवाजापासून जरा लांब गेला. मग त्यानं विचारलं, "जोरात धरलं व्हतं का त्यानं?"

"खूप जोरात."

"म्हंजी त्याला कळत व्हतं." त्याचा आवाज बदलला. "आमची आई म्हणायची, त्याला कायबी कळत नाय, म्हणून बरं हाय, त्याला दुखत नसंल. मीबी तेच धरून बसलो. हुडकायचं सोडलं व्हतं शिष्टर मी. म्हणलं, सापडला तरी आपल्याला वळखायचा नाय. पण कळत व्हतं ना त्याला. मग मला बघितल्यावर वळखंल का तो? वळखंल ना?"

मी म्हणाले, "ओळखेल, माणिक."

मामा, हे खरं बोलले की परत खोटं, मला माहीत नाही. रविवारी पहिल्या गाडीनं तो येतोय, भावाला परत हुडकायला.